कोरड्या दिवसाचं तळं

आमच्या घरात डास शिरूच शकत नाही, हे मी लेखी द्यायला तयार होतो! धाटावच्या कंपनीत सेफ्टी कमिटीवर आहे मी. अख्खी कंपनी सांभाळणाऱ्या माणसापुढे चिमूटभर डासाची काय कथा?

माझ्या बायकोला, वैशालीला सातवा महिना लागला आणि आमच्या गावच्या आशा सेविका अनिताताई औषध लावलेली मच्छरदाणी घेऊन आल्या. देतानाच त्यांनी दम भरला.

"हर्षदभाऊ, पोटुशी बाईला मलेरिया झाला तर आई आन् बाळ, दोघांच्या जिवाला धोका. दर शनिवारी कोरडा दिवस पाळा. साठलेलं पाणी ओतायचं, भांडी घासून सुकवायची. ताप आला, थंडी वाजली, की लगेच मला बोलवा."

खरं सांगतो, घाबरलोच मी. पण सेफ्टीवाल्यानं घाबरलेलं दाखवायचं नसतं. मी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, गळ्यात शिट्टी अडकवली आणि शनिवारी आळीभर फिरलो. शेजारच्या शकूकाकीचं कोंबड्यांचं पातेलंसुद्धा पालथं केलं.

"मेल्या, कोंबड्यांनी काय तहानेनं मरायचं?"

"काकी, सेफ्टी फर्स्ट!"

मग आलं डोहाळजेवण. आईला होडीचीच आरास हवी होती. माझा मेव्हणा दिनेश पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्यानं खुर्चीला लावायला पुठ्ठ्याची अशी देखणी होडी पाठवली की मी पडवीत तिच्यापुढे मोठा टब ठेवला, सहा बादल्या पाणी ओतलं आणि प्लॅस्टिकची कमळं सोडली. दहा दिवस आधीच! येणारा-जाणारा थांबून बघायचा. आणि होडीच्या डोलकाठीला शीड म्हणून काय? तीच मच्छरदाणी! कार्यक्रमाच्या दिवशी बांधायची. हौसेची हौस, सेफ्टीची सेफ्टी!

पण त्या आठवड्यात पडवीत डास वाढले. मला कारण माहीत होतं. शकूकाकी! शनिवारी मी तिचा रांजणही ओतून आलो.

डोहाळजेवणाला तिन्हीसांजेला बायका जमल्या. वैशाली होडीत, मच्छरदाणी टबापर्यंत सोडलेली.

"अरे, ओटी कशी भरायची?" आई ओरडली.

"एकेकीनं आत जायचं! जाळी उघडी ठेवायची नाही!"

एकेकीनं? बायका त्या! एक शिरली, तिच्यामागे दुसरी. सात बायका आणि सात नारळ आत गेल्यावर डोलकाठी कडाडली आणि शीड सगळ्यांच्या डोक्यावर! जाळ्यात तारल्या-बांगडे अडकावेत तशा बायका तडफडू लागल्या. हसण्यानं पडवी दणाणली.

तेवढ्यात वैशाली म्हणाली, "अहो, मला थंडी वाजतेय."

हसणं बंद! पाहुण्यांतच बसलेल्या अनिताताईंनी पिशवीतून मलेरिया तपासायचं किट काढलं, वैशालीच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर सोडलं.

"पंधरा मिन्टं थांबायचं."

कसली पंधरा मिनिटं! मी देवाला दोनदा नवस बोललो आणि शकूकाकीवर तीनदा ओरडलो. "हिच्याच पाण्यातले डास! माझ्या वैशालीला काय झालं ना..." काकी बिचारी वैशालीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"मलेरिया नाय," अनिताताई पट्टी बघून म्हणाल्या. मी देवाला हात जोडले. "अंगात तापबी नाय. मग थंडी कसली गो?"

वैशालीनं लाजत साडी जरा वर घेतली. दोन्ही पाय घोट्यांपर्यंत टबात!

"पाय सुजलेत ना ताई. गार पाण्यात बरं वाटत होतं. दीड तास झाला."

अनिताताईंनी टॉर्च मारला. कमळांखाली डासांच्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. शेकड्यांनी!

"हर्षदभाऊ, शनिवारी ह्यो टब ओतला व्हता ना?"

"ते... ते डेकोरेशन होतं," मी पुटपुटलो.

शकूकाकी उठली. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून तिनं स्वतःच्या गळ्यात घातली आणि अशी फुंकली की कोंबड्या खुराड्यात ओरडल्या. "ओत, मेल्या!"

सगळ्या बायकांदेखत मी सहा बादल्या अंगणात ओतल्या आणि टब घासला. काकीनं हात लावून बघितला, मगच ओटी भरली.

मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत, देवाची कृपा! बारशाला पाळणा कसा सजवायचा, हे मला कुणी विचारलं नाही. दर शनिवारी सकाळी सातला मात्र दारात शिट्टी वाजते. मी निमूटपणे बादली घेऊन बाहेर येतो.