वीस फुटी चार जुलै

कुवेतमधल्या सलवा भागातल्या हॉलमध्ये स्टेजवर फ्लेक्स उलगडून लावला तेव्हा कार्यक्रमाला दीड तास उरला होता. धैर्यशीलला आधी एक घोडा दिसला. मग बँडवाले, मग झेंडे. झेंडे भरपूर होते, पण त्यांतला एकही आपला नव्हता.

"हे काय?" शामलाने विचारलं. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून ती थेट इकडेच आली होती.

"अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन," धैर्यशील क्षीण आवाजात म्हणाला. "स्पृहाचा प्रोजेक्ट."

त्यांची लेक स्पृहा नववीत होती. अमेरिकन चित्रकलेतला राष्ट्रीय सण हा तिचा विषय, आणि तिने निवडलं होतं एक शंभर वर्षांपूर्वीचं चित्र. त्याची छोटी प्रिंट शाळेसाठी, आणि महाराष्ट्र मंडळाच्या प्रजासत्ताक दिनाचा मोठा फ्लेक्स स्टेजसाठी, अशा दोन्ही फाइल्स धैर्यशीलने एकाच पेनड्राइव्हवर घालून अर्दिया भागातल्या हुसेनच्या छपाईच्या दुकानात दिल्या होत्या. त्याने लगेच हुसेनला फोन लावला.

"हुसेनभाई, छोटावाला बडा कर दिया आपने!"

"भाई, आपने ही बोला था, जिसपे फायनल लिखा है वो बडा करना. दोनोंपे फायनल लिखा था."

"अभी दूसरा दो ना!"

"आज जुम्मा है. मैं फहाहील में हूँ, मशीन बंद है."

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब आले. कुवेतमध्ये एकतीस वर्षं एकटे राहिलेले, पुढच्या महिन्यात कायमचे साताऱ्याला परतणारे. त्यांचा हा शेवटचा कार्यक्रम होता आणि भाषण चाळीस मिनिटांचं होतं.

"काढा ते आधी! आपला प्रजासत्ताक दिन हाय, गोऱ्यांची जत्रा न्हाई."

फ्लेक्स खाली उतरवला. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा दहा फुटी गुलाबी युनिकॉर्न चिकटवलेला होता, आणि उद्याही वाढदिवस असल्याने त्याला हात लावायची परवानगी नव्हती. बाळासाहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लावा परत," ते म्हणाले.

फ्लेक्स उलटा लावून पाहिला. स्टेजचे दिवे लागताच झेंडे मागून उमटले. घोडा आता दुसऱ्या दिशेने चालला होता. शेवटी शामला घरी धावली आणि चार पांढऱ्या चादरी घेऊन आली. फ्लेक्स सुलटा करून त्यावर त्या सेफ्टीपिनांनी टाचल्या. दिसायला अगदी ऑपरेशन थिएटर झालं, पण निदान कुठल्या परक्या देशाचं नव्हतं.

पाच वाजता हॉल भरला. राष्ट्रगीत सुरू झालं. दुसऱ्याच ओळीला पहिली पिन सुटली.

सगळे सावधान उभे. हलायचं कुणी? दुसरी पिन सुटली. घोड्याचं तोंड बाहेर आलं. बाळासाहेबांची मान ताठ होती, पण डोळे कोपऱ्यातून धैर्यशीलला भाजून काढत होते. 'जय जय जय'ला शेवटची चादर गळून पडली.

राष्ट्रगीत संपताच पहिल्या रांगेतून मंडळाच्या सभासद प्रणिताने हळूच विचारलं, "मागचं चित्र कसलं आहे हो?"

बाळासाहेबांनी धैर्यशीलकडे पाहिलं. धैर्यशीलने शामलाकडे, शामलाने लेकीकडे.

"नो वे, आई."

पण बाळासाहेब माइक घेऊन तिच्यासमोर उभे होते. "पोरी, तूच सांग आता. इज्जतीचा प्रश्न हाय."

स्पृहा स्टेजवर गेली. लोकांसमोर मराठीतून बोलायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"हे फोर्थ ऑफ जुलै आहे. परेड मागे आहे, एकदम छोटी. पेंटरने लोक पुढे काढलेत. ही लेडी कलिंगड कापते. हा बँडवाला शूज काढून बसलाय, बिकॉज ते चावतात." लोक हसले. तिला धीर आला. "आणि हे आजोबा, बेंचवर एकटे. त्यांची हॅट वेगळी आहे. टीचर म्हणाली, दुसऱ्या कंट्रीतून कामाला आले असतील. त्यांचा सण नाहीये हा. तरी त्यांनी नवीन शर्ट घातलाय. आणि ही मुलगी त्यांना कलिंगड द्यायला चाललीय."

मग प्रणिता म्हणाली, "शूज काढलेले ते आमचे हे!" आणि एकच हशा पिकला. जो तो चित्रात स्वतःला शोधू लागला.

बाळासाहेबांनी भाषणाच्या कागदांची घडी घातली. "मंडळी, जेवून घेऊ," एवढंच म्हणाले. पण जेवणाच्या रांगेपेक्षा चित्रापुढे फोटो काढणाऱ्यांचीच रांग मोठी झाली.

हॉल रिकामा झाल्यावर धैर्यशीलने फ्लेक्स उतरवून जमिनीवर पसरला आणि तो कापून टाकायला कात्री घेऊन आला.

"ठेवा ती खाली!" बाळासाहेब ओरडले. "साताऱ्याला न्यायचंय हे."

"वीस फूट?"

"बायको एकतीस वर्षं विचारतीया, तिकडं सणासुदीला काय करता म्हणून. फोनवर काय सांगणार? आता दाखवतो." त्यांनी स्पृहाला हाक मारली. "पोरी, त्या बाकावरच्या गड्याखाली माझं नाव लिही. मराठीत."

स्पृहाने मार्कर उघडला. 'बा' लिहून झाल्यावर ती अडली.

"आजोबा, 'ळ' कसा काढायचा?"

"सोप्पा हाय," म्हणत बाळासाहेब चित्रातल्या अमेरिकेच्या गवतावर गुडघे टेकून बसले आणि बोटाने गिरवून दाखवू लागले.