खर्चापोटी आलेला सोफा

दुसऱ्याने बनवलेल्या सोफ्यावर बसून तुमचा कधी जळफळाट झालाय का? आमच्या सोफेवाल्यांचा झाला, आणि तोही स्वतःच्या घरात, खटला जिंकल्यावर!

खटला होता साडूविरुद्ध. दोघांचा भागीदारीतला सोफ्यांचा कारखाना मोडला, तेव्हा साडूने शिलाई मशिनं दाबून ठेवली. कोर्टाने निकाल सोफेवाल्यांच्या बाजूने दिला, वर दाव्याचा खर्चही साडूनेच भरावा असं सांगितलं. मशिनं आली. खर्चाचं नाव काढलं की मात्र साडू छताकडे बघायचा. शेवटी म्हणाला, "रोख नाही. माझ्या फर्निचरच्या दुकानातलं काय आवडेल ते उचला."

शहाण्या माणसाने कपाट उचललं असतं. सोफेवाल्यांनी निवडला दर्शनी काचेतला निळा सोफा. साडूच्या जिवाला चटका बसावा म्हणून! विकायचा सोडून तो घरी आणला, येणाऱ्याजाणाऱ्याला विजय दिसावा म्हणून. स्वतःच्या हातचा सोफा त्यांनीच गॅलरीत ढकलला.

आधी आई बसल्या. "अगं बाई! कंबर दुखायची थांबली की."

"नवा आहे ना आई, म्हणून तसं वाटतं."

"तुझाही कधीतरी नवा होता की रे."

बायको शेजारी टेकली आणि तिचे डोळेच मिटले. "दाजींच्या हातात जादू आहे हो!"

(लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या हातांबद्दल ती एकच गोष्ट म्हणत आली होती, "धुऊन या.")

त्यातच वकीलसाहेब पेढे... छे, नुसतं अभिनंदन घेऊन आले आणि सोफ्यावरून उठेचनात. निघताना दारात कुजबुजले, "हे तुमचे साडू ऑर्डर घेतात का हो?"

रविवारी दुपारी घरात कोणी नाही असं बघून सोफेवाल्यांनी सोफा उलटा केला. आत काहीतरी लबाडी असणारच! खालचं कापड फाडलं, तर प्रत्येक स्प्रिंग सुतळीने हाताने बांधलेली. एवढा वेळ कोण घालवतं? ते स्वतः आत फोम कोंबून मोकळे होत. गाठ कशी मारलीय ते बघावं म्हणून त्यांनी एक सोडली. शेजारची आपणहून सुटली. मग सगळ्याच स्प्रिंगा अंगावर आल्या.

कशाबशा कोंबून त्यांनी सोफा सरळ केला, तर मधोमध उंटासारखी मदार. तेवढ्यात आई आल्या, सवयीने बसल्या आणि घरंगळून सतरंजीवर पोचल्या.

"अहो, काय केलंत हे?" बायको ओरडली.

"आतून तपासत होतो. बघायला नको, काय माल दिलाय ते?"

"मग? काय निघालं?"

"मेहनत घेतलीय मेल्याने," सोफेवाले पुटपुटले.

बायकोने फोन उचलला.

"खबरदार त्याला बोलावशील तर! कोर्टात हरवलंय मी त्याला!"

"मग आईंना बसायला कोर्टात नेऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू हत्यारांची पिशवी घेऊन आला. सोफेवाले त्याच्यासमोर सुतळी धरून बसले आणि प्रत्येक गाठीला साडू म्हणत राहिला, "जरा घट्ट."