आमालेच काहून?

त्या रविवारी टेकचंदनं हेल्मेट घरीच ठेवायचं ठरवलं. विसरला नाही, ठरवलं. पवनीच्या एका सोसायटीत बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस असा विसरत नसतो.

त्याचं म्हणणं सरळ होतं, आणि खोटंही नव्हतं. भंडारा रोडच्या नाक्यावर पोलीस फक्त मोटारसायकलवाल्यांना अडवत. माणसं कोंबलेली जीप आली की शिट्टी तोंडातच राहायची. मागून टेकचंद आला की वाजायची. महिन्यात चार वेळा त्याला बाजूला घेतलं होतं, त्यात एकदा तर सोसायटीच्या अध्यक्षांसमोर. शेवटी त्यानं साठ जणांच्या सह्यांचं निवेदन दिलं. ‘आधी जीपवाल्यांना थांबवा, मग आम्ही हेल्मेट घालू,’ असं त्यात लिहिलं होतं. (हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की निवेदनात ते दोनदा आलं होतं.)

त्या दिवशी भंडाऱ्याला मोनूचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मोनू म्हणजे त्याच्या बायकोचा, ज्योत्सनाचा भाचा. मोनूचा बाप, ज्योत्सनाचा थोरला भाऊ प्रीतम, तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला. अंगावर कुठं खरचटलेलंही नव्हतं. मार फक्त डोक्याला. तेव्हापासून ज्योत्सना गाडीवर बसली की मागचा दांडा बोटं पांढरी पडेपर्यंत धरून बसे.

“हेल्मेट घेऊन घ्या ना,” ती दारातच म्हणाली.

“आज नाही. आज तत्त्वाचा प्रश्न हाये.”

ती पुढं काही बोलली नाही. टेकचंदला वाटलं, पटलं हिला. (लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही बायकोचं गप्प बसणं त्याला कधी वाचता आलं नव्हतं.)

नाका थोडा दूर असतानाच समोरून येणाऱ्या एकानं दिव्याची उघडझाप केली. मोटारसायकलवाल्यांची ही आपसातली खूण: पुढं पोलीस आहेत. टेकचंदनं गाडी बाजूला घेतली. तत्त्व होतंच, पण साक्षगंध अकराला होतं.

“तू उतर,” तो म्हणाला. “पायी चालणाऱ्याले कोणी अडवत नाही. नाक्याच्या पुढं पिंपळाखाली उभी राह्य. मी पांदणीनं आलो पाच मिनिटांत.”

शेतांमधली ही पांदण नहराच्या काठानं जाते आणि एका धानाच्या बांधीपाशी, म्हणजे भातखाचरापाशी, संपते, हे त्याला तिथं पोचल्यावर कळलं. पुढं नुसता धुरा होता, दोन शेतांमधला वीतभर रुंद बांध. धुऱ्यावरून सायकल जाते तर मोटारसायकल का नाही, असा विचार त्यानं केला. विचार पुरा होईपर्यंत गाडी धानात आडवी झाली होती आणि तो कमरेपर्यंत चिखलात बसला होता.

बांधीचा मालक, गोमाजी नावाचा म्हातारा, पलीकडच्या धुऱ्यावर उभा होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“नाक्यावर पोलीस लागले का?”

“तुमाले कसं कळलं?”

“तुम्ही सकाळपासूनचे चौथे.” गोमाजी बांधीत उतरला. “भांडण तुमचं पोलिसायशी, अन् मरून राहिलं माहं धान. माह्याच बांधीत काहून येता जी तुम्ही सारे?”

महिन्यापूर्वी रोवलेलं धान चार ठिकाणी लोळलं होतं. दोघांनी मिळून गाडी ओढून काढली. मग टेकचंद वाकून रोपं उभी करू लागला. तो एक उभं करी तोवर त्याच्याच पायाखाली दोन जात होती.

“राहू द्या,” गोमाजी म्हणाला. “जा तुम्ही.”

तेवढ्यात फोन वाजला.

“टेकचंदजी का? नाक्यावरून हवालदार रिता बोलते. तुमच्या मिसेस इथं बसल्या आहेत. पांदणीनं येऊन राहिले म्हणे तुम्ही. आता सरळ रोडनं या.”

तो गाडी ढकलतच आला. ज्योत्सना पोलिसांच्या खुर्चीवर बसली होती. हातात चहाचा ग्लास होता, पण प्यायलेला नव्हता.

“तुले पकडलं कायले?” त्यानं विचारलं.

“कोणी नाही पकडलं. मीच आली. तुमचं पांदणीचं मीच सांगतलं पोलिसायले.” ती खाली पाहत बोलत होती. “दादाले त्या दिवशी कोणी अडवलं नाही. मले वाटलं, तुमाले तरी कोणी अडवावं. माह्यानं तं होत नाही.”

त्या क्षणी टेकचंदनं “चुकलो” म्हणायला हवं होतं. पण भोवती अडवलेले दहा-बारा मोटारसायकलवाले उभे होते, रिताबाई पावती फाडत होत्या, आणि त्याच्या तोंडून निघालं ते निवेदन.

“आमालेच काहून? ते पाहा, जीप येऊन राहिली! थांबवा ना तिले!”

“बरोबर हाये!” मोटारसायकलवाले ओरडले.

रिताबाईंनी जीपकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. “बरोबर हाये तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी शिट्टी फुंकली.

जीप थांबली. टेकचंदच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा विजय होता. मागचं फाटक उघडलं. आधी ज्योत्सनाची आनंदाबाई मावशी उतरली. तिच्यामागून ज्योत्सनाच्या माहेरचे एकेक जण उतरत गेले, ते पंधरा भरले. शेवटी पुढच्या सीटवरून प्रीतमची बायको सखाबाई आणि नव्या कोटातला मोनू.

“फुफाजी?” मोनू म्हणाला. आत्याच्या नवऱ्याला त्यानं अशा रंगात कधी पाहिलं नव्हतं.

नियम सगळ्यांना सारखा. नवरदेव, सखाबाई, ज्योत्सना आणि बसतील तेवढेच जीपमध्ये गेले. उरलेल्या सात जणांनी टेकचंदबरोबर एसटीनं यावं. टेकचंदची गाडी हेल्मेट आणेपर्यंत नाक्यावर. जीपमध्ये चढण्याआधी ज्योत्सनानं पदरानं त्याच्या कानावरचा चिखल पुसला.

“उद्यापासून घालतो,” तो हळूच म्हणाला.

“मले नका सांगू. घाला.”

एसटी तासाभरानं आली. त्या तासात सात पाहुण्यांपैकी एकही त्याच्याशी बोलला नाही.

साक्षगंध खोळंबलं होतं. मुलीचे वडील भैयालाल मांडवाच्या दारातच धावत आले; नाक्यावरचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. टेकचंदच्या अंगावरचा वाळलेला चिखल पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“पडले का गाडीवरून? डोक्याले तं नाही ना लागलं?”

“नाही,” टेकचंद म्हणाला.

“हेल्मेट होतं म्हणून वाचले!” भैयालालांनी त्याचा हात धरून त्याला थेट पुढं नेलं. “पोरायनो, इकडं पाहा! फुफाजी हेल्मेटनं वाचले. बोला जी, दोन शब्द सांगा या पोरायले.”

पोरं पुढं सरकून बसली. सखाबाई डोळ्याला पदर लावून ऐकायला बसली होती. तिच्याकडं पाहून टेकचंदला नाही म्हणवेना. त्यानं घसा साफ केला.

“हेल्मेट...” त्यानं सुरुवात केली.

“जीपचं बी सांगा, जवाईबापू,” मागून आनंदाबाई मावशी म्हणाली.