राजकन्येच्या नाकाशी आरसा

आमच्या शेजारचे दाजी रोज दुपारी टीव्हीतल्या एका झोपलेल्या मुलीच्या नाकाशी आरसा धरतात. आरसा तळहाताएवढा आहे. त्याला पत्र्याची चौकट आहे आणि एका कोपऱ्यातला पारा उडालेला आहे. मुलगी कार्टूनमधली आहे. दाजी आरसा धरतात, तोंडातल्या तोंडात काही मोजतात, खिडकीपाशी येऊन काच उजेडात तिरकी करून पाहतात आणि सदऱ्याच्या टोकाला पुसतात. मग पुन्हा टीव्हीकडे जातात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या खिडकीच्या अगदी समोर आहे. हा प्रकार मी सतरा दिवस पाहिला.

पाहण्याची सवय मला धंद्याने लागली. तीस वर्षे मी वर्तमानपत्रात काढली, आणि आता कुणकेश्वरच्या अलीकडे, आमच्या वाडीत परत येऊन राहिले आहे. माझे वय छप्पन्न. दाजी मला ‘चेडवा’ म्हणतात, म्हणजे ‘अगं मुली’.

दाजी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि घरात एकटेच असतात. एकेचाळीस वर्षे ते दशावतारात स्त्रीपार्टी होते. आमच्याकडे जत्रेत देवळासमोर जी नाटके होतात, त्यांत राण्या, राजकन्या पुरुषच होतात. संवाद लिहिलेले नसतात. प्रत्येक जण आपला पेटारा, आपला रंग आणि आपला आरसा घेऊन येतो, देवळाच्या ओवरीत बसून स्वतःचे तोंड स्वतः रंगवतो आणि उभ्या उभ्या संवाद रचतो. सिंहासन म्हणून एक बाक असतो. शय्या म्हणूनही तोच. दाजी त्या बाकावर किती वेळा मेले आणि किती वेळा निजले, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. पण दोन्हींतला फरक ते कोणालाही, न विचारता सांगतात.

“निजल्याचो पार्ट आनि मेल्याचो पार्ट ह्यात फरक एकच. प्वाट! निजलंस तर शेवटच्या माणसाक हलताना दिसाक व्हया. मेलंस तर पयल्या माणसाकय दिसता नये.”

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गॅसवाल्याने दाजींचा सिलिंडर माझ्या दारात ठेवला. “काकी, थंय कोण बायलमाणूस इला काय?” तो म्हणाला. “दोघी आसत. भांडतत. दारार थाप मारली तर गप झाली. दार काय उघडूक नाय.” दुसऱ्या दिवशी पोस्टमननेही दाजींचे पत्र माझ्याकडेच दिले. त्याने कारण सांगितले नाही.

मी ऐकले ते बुधवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. ती वेळ आमच्याकडे चांगली मानत नाहीत. वारा पडलेला होता. माडाच्या झावळ्या हलत नव्हत्या आणि कावळेसुद्धा गप्प होते. समोरच्या घरातून वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा स्वच्छ आवाज आला. “हे वृक्षांनो, शंभर वर्षे माझ्या डोळ्यांवर ही कसली रात्र ठेवलीत?” पाठोपाठ दुसरा, करडा आवाज. “बाजूस सरा! माझी तलवार कोठे आहे?” त्या घरात अकरा वर्षांत बाईमाणूस राहिलेले नव्हते. माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली आणि पाहायला गेले.

दार नुसते लोटलेले होते. आत दाजी एकटेच, टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसलेले. मुंबईच्या मुलाने पाठवलेला टीव्ही भिंतीएवढा आहे. त्याचा आवाज बंद होता. पडद्यावर राजकन्येचे तोंड हलत होते आणि त्या तोंडातून निघावा तसा आवाज दाजींच्या तोंडातून निघत होता. पांढरी दाढी, पुढचे दोन दात नाहीत, आणि आवाज तसा कोवळा. आवाज त्यांचाच आहे हे दिसत असूनही मी दारातच थांबले.

“बस गो, चेडवा,” ते त्याच आवाजात म्हणाले. मग खाकरले आणि आपल्या आवाजात आले. “हेंचो आवाज बरो नाय. म्हणान मीच बोलतंय.”

घोटाळा असा होता. आमच्या वाचनालयाचे काम लुसी टीचर बघतात. शाळेतून निवृत्त झाल्या तरी वाडीतले प्रत्येक मूल आपल्याच वर्गात आहे असे त्यांना वाटते. मे महिन्यात मुलांना एक सिनेमा दाखवायचा त्यांनी ठरवला. गोव्याच्या भाच्याने पेनड्राइव्हवर दोन कार्टून-सिनेमे दिले. दोन्ही एकाच जुन्या परीकथेवरचे, शाप लागून झोपी गेलेल्या राजकन्येचे. सभागृह एकच दुपार मिळणार होते, म्हणून सिनेमाही एकच. टीचरनी पेनड्राइव्ह दाजींना दिला आणि गमतीत म्हणाल्या, “राजकन्यांचे जाणकार तुमीच. बरो कुठलो ता सांगा.”

दाजींना गंमत कळत नाही. त्यांनी दोन्ही सिनेमे तेरा तेरा वेळा पाहिले आणि पेनड्राइव्ह परत दिला नाही.

पहिल्या सिनेमातली राजकन्या त्यांच्या लेखी ‘घोड्यावयली’. ती घोडा दौडवते, तलवार चालवते, शाप देणारीला दोन शब्द सुनावते, मध्ये थोडा वेळ झोपते, आणि उठल्या उठल्या पुन्हा घोड्यावर. दुसरी ‘निजलेली’. तो सिनेमा हाताने काढलेल्या चित्रांचा, संथ. अर्धा वेळ ती झोपलेलीच असते आणि तिच्याभोवती वाडा जुना होत जातो. वेली येतात, पक्षी घरटी करतात, आचाऱ्याच्या हातातल्या पळीला गंज चढतो.

दाजींची तुलना धंदेवाईक होती. घोड्यावयलीचे बोलणे त्यांना पसंत होते. “जीभ बरी आसा तिची. पण उबी रवाक येना नाय. दुसरो बोलता तेव्हा हात खंय ठेवचे, ह्या जेका कळला तो स्त्रीपार्टी. ही बघ. राजा बोलता आनि ही केस उडवता. राजाचा कोण ऐकतलो?” निजलेलीचे चालणे त्यांना पटत नव्हते, पायात चाळ असल्यासारखी चालते म्हणे. गुण-दोष त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवले होते. मी वाचले. दोघी जवळजवळ बरोबरीत होत्या.

आणि तरीही घोड्यावयली मुलांना दाखवायची नाही, यावर ते अडून बसले होते. ती दाखवलीत तर येत्या जत्रेपासून मी तोंडाला रंग लावणार नाही, असे त्यांनी टीचरना कळवले होते. जत्रेला अजूनही एक छोटी भूमिका त्यांच्याकडे असते. आईची. त्यांच्याकडे उरलेले तेवढेच होते, आणि ते त्यांनी पणाला लावले.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी टीचर स्वतः आल्या. मी होतेच.

“दाजी, रविवारी पोरां येतली. माका पेनड्राइव्ह व्हयो. घोड्याचो लावतंय मी. पोरांका घोडो आवडता.”

“लावा. पण मेलेल्या चेडवाक निजला म्हणान पोरांका दाखव नकात.”

“कोण मेला?”

दाजींनी घोड्यावयलीचा झोपेचा प्रसंग लावला. बुरुजातली खोली, खिडकीतून चांदणे, उशीवर पसरलेले केस. एक एक केस वेगळा दिसत होता. त्यांनी आरसा पडद्याला लावला. “प्वाट बघा. हलता? नाकपुडी? गळ्याची शीर? ह्या चेडू मेलेला आसा, टीचर. उठता तेव्हा माका भिती वाटता.”

त्यांनी सांगेपर्यंत मला ते दिसले नव्हते. सांगितल्यावर दुसरे काही दिसेना. पडदे हलत होते, मेणबत्ती हलत होती, आणि मधली मुलगी हलत नव्हती. मग तिने डोळे उघडले आणि हसली. टीचरनी नकळत खुर्ची मागे सरकवली.

“शिरा पडली त्या आरशार,” त्यांनी आरशालाच शिवी घातली. “दाजी, ता कार्टून आसा. तेका जीव खंयसून येतलो?”

“मगे हिका खंयसून इलो?” त्यांनी दुसरा सिनेमा लावला. निजलेलीच्या अंगावरची चादर वर गेली. थांबली. खाली आली. “कोणीतरी बसान काढल्यान मां! एक एक श्वास काढल्यान. निजलेल्या चेडवाक कोण बघतलो? तरी काढल्यान.”

“तुमचो सिनेमा लावलो तर पोरां निजतली.”

“निजांदेत.”

टीचर पेनड्राइव्ह न घेताच गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “तूच विचार गो तेंका. पेपरवाली मां तू?”

मी विचारले. “दाजी, आरसो कित्याक?”

टीव्ही चालू होता. चादर वर जात होती, खाली येत होती. मग त्यांनी सांगितले. मी ते सांगितले तसे देते.

अकरा वर्षांपूर्वी ते देवगडच्या बाजूची एक जत्रा करून सकाळी साडेसहाला घरी आले. तोंडावर अर्धा रंग तसाच होता. माई, म्हणजे त्यांची बायको, भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. रंग काढायला ते नेहमी तिच्या उशाशी बसत, कारण सकाळचा उजेड तिथे पडतो. खोबरेल तेल घेतले, आरसा हातात धरला आणि जत्रेत काय काय फजिती झाली ते तिला सांगू लागले. राजाची मिशी सुटली, ती मृदंगावर पडली, मृदंगवाल्याने वाजवता वाजवता परत दिली.

“असला काय सांगलंय की ती निजेतसून हसा. त्या दिवशी हसली नाय. माका राग इलो. म्हटला, इतको सांगतंय आनि ही फुगान पडली हा. मगे चाय केलंय. तिच्या बाजूक ठेवलंय. आनिक सांगत रवलंय.”

किती वेळ, ते त्यांनी सांगितले नाही. चहावर साय धरली होती, एवढे सांगितले.

“जत्रेत शेवटच्या माणसाक दिसाक व्हया म्हणान श्वास घेतलंय मी सगळो जल्म,” ते म्हणाले. “आरसो माझ्या हातात होतो, चेडवा.”

रविवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात निजलेलीचा सिनेमा लागला. टीचरना मी काय सांगितले ते इथे लिहीत नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. दाजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. झोपेचा प्रसंग सुरू होताच ते उभे राहिले आणि मुलांकडे वळून म्हणाले, “बघा हां. नीट बघा. जिती काय मेली?”

“दाजी, बसा,” मागून कोणीतरी ओरडले. “दिसना नाय!”

ते बसले.

टीचरचे भाकीत खरे ठरत होते. राजवाड्यावर वेली चढू लागल्या तशी मोठी मुले बाहेर सटकली. लहान होती ती आडवी झाली. सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा सतरंजीवर एकच जण उरली होती, कोळीवाड्यातली चार-पाच वर्षांची एक मुलगी. उताणी, एक हात डोक्यावर, तोंड किंचित उघडे. पंखा बंद केलेला. अजिबात हालचाल नाही.

“घेवा,” टीचर हसत म्हणाल्या. “तुमच्या राजकन्येन हिका निजयल्यान.”

दाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, खिशातून आरसा काढला आणि तिच्या नाकाशी धरला. टीचरनी हसणे थांबवले. मुलीची आई तिला न्यायला दारात आली होती, तीही तिथेच उभी राहिली. बाहेर समुद्राचा आवाज येत होता, तोही मला तेव्हाच ऐकू आला.

दाजींनी आरसा उजेडात तिरका केला. पारा उडालेल्या कोपऱ्यापर्यंत काच धुरकट झाली होती. त्यांनी ती मला दाखवली, टीचरना दाखवली, आईलाही दाखवली. सदऱ्याचे टोक दुसऱ्या हातात आले होते, पण त्यांनी काच पुसली नाही.

आई मुलीला हलवायला वाकली.

“राव गो, उठव नको,” दाजी हळू म्हणाले. “निजली हा ती.”