कॅम्परमधले सहा किलो पोहे

पूर आला तर सगळं बदलापूर उपाशी राहील, पण माझी आई राहणार नाही! हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी नदी आमच्या घरात शिरली तेव्हा आईनं अख्खा दिवस माळ्यावर दोन बिस्किटांवर काढला. मोबाइलवर अलर्ट आला होता. अलर्ट भिजवून खाता येत नाही.

म्हणून जुनी व्हॅन घेतली आणि उल्हासनगरच्या हरेशभाईकडून तिचा कॅम्पर करून घेतला. मागचं दार वर उचललं की छप्पर, आत शेगडी, झोपायला बाकडं. "साईं, ये गाडी नहीं, चलता-फिरता बंगला है," तो म्हणाला. मी त्यात सहा किलो पोहे, कांदे, शेंगदाणे, पाण्याचे कॅन, थाळ्या आणि एक शिट्टी भरली. बायकोनं, यशोधरानं, एकदा त्यातली मूठभर मोहरी घेतली, तर मी दोन दिवस बोललो नाही. पूर आल्याशिवाय दाण्यालाही हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

यंदा जुलैत अलर्ट वाजला. नदी चढायच्या आत आईला गाडीत घातलं आणि अंबरनाथ एमआयडीसीत, उंचावर, एका कंपनीच्या गेटजवळ गाडी लावली. सकाळचे सात. आई म्हणाली, "भूक लागली." यशोधरानं दार उचलून पोह्यांना फोडणी दिली. मी रस्त्यावर पाणी कुठवर आलंय ते बघायला गेलो.

परत आलो तर गाडीमागे लाइन! नाइट शिफ्ट सुटली होती. एमआयडीसीत गेटजवळ व्हॅनचं मागचं दार वर असेल आणि फोडणीचा वास येत असेल, तर 'हे काय आहे' असं कोणी विचारत नाही. 'शेव आहे का' एवढंच विचारतात.

मी घुसायला गेलो तर महिपती नावाच्या फिटरनं दंड धरला. "काका, लाइनीत या."

"अरे, गाडी माझी आहे!"

"सगळे असंच बोलतात."

आई कालथ्यानं वाढत होती. मी लांबूनच ओरडलो, "आई, ते पुरासाठी आहे!"

"मग? पूर आलाय ना? ही पोरं रात्रभर उभी होती. यशोधरा, या पोराला लिंबू दे गं."

आईनं कुणाचा पैसा घेतला नाही. तासाभरात सहाही किलो पोहे संपले, पातेलं खरवडून झालं, कांद्याची सालं तेवढी उरली. आणि तेवढ्यात खालचा रस्ता बुडाला. घरी जायची सोय नाही आणि गाडीत खायला काही नाही, नुसती शिट्टी. दुपारी दोनपर्यंत आई तीनदा नुसतं पाणी प्यायली.

मग महिपती आला. तोही अडकला होता. हातात डबा. "आजी, वहिनी, हा तुमचा. कॅन्टीनवाल्यानं अडकलेल्यांसाठी डाळ-भात केलाय."

आई जेवली. माझा शब्द खरा झाला. छाती फुगवून मी डब्याकडे हात नेला.

"काका, दोघींपुरताच आहे," महिपती म्हणाला. "तुम्ही लाइनीत या."

गेलो. माझ्याच कॅम्परमधली थाळी घेऊन. एक्केचाळिसावा नंबर होता.