तुळसाबाईचा पंचमीचा झोका

मुलांनो, एका जंगलात जांभळीच्या झाडावर तुळसाबाई नावाची खार राहत होती. जंगलं पुष्कळ आहेत, पण झोक्याचा कायदा असलेलं हे एकच. म्हणून नीट ऐका.

तुळसाबाईची लेक शेवंता पलीकडच्या डोंगरावर दिलेली. वर्षातून एकदा, नागपंचमीला ती माहेरी यायची. आल्या आल्या विचारायची, "आई, झोका बांधलास?"

यंदा मात्र घोटाळा झाला. राजाचा मेहुणा होता अस्वल. तो मोहाची फुलं पोटभर खाऊन झोक्यावर बसला आणि बदकन पडला. मोहाची फुलं बंद करा, असं कोणी म्हणालं नाही. ती राजालाही आवडायची. म्हणून झोका सुरक्षा कायदा झाला.

कायदा हत्ती ढेरेसाहेबांनी लिहिला. दोर हत्तीचं वजन पेलणारा हवा, असं त्यांनी पहिल्याच कलमात टाकलं. 'झोका दोन्ही हातांनी धरावा' हे कलम तपासनीस नागोबा फणसे यांचं. त्यांना स्वतःला हात नव्हते, पण विषयाचा अभ्यास दांडगा होता. बिनशिक्क्याचा झोका सापडला, तर झाड जप्त!

तुळसाबाईने वेलीचा जाडजूड दोर वळला, झोका बांधला आणि नागोबांना बोलावलं. त्यांनी शेपटीने झोका ढकलून पाहिला.

"बाई, हा हलतोय."

"झोका आहे, साहेब. हलणारच की!"

"अस्वलाचाही हलत होता."

तुळसाबाईला रडूच फुटलं. "पंचमीला लेक यायचीय हो माझी."

"बरं, बरं. उद्याच चाचणी घेऊ," नागोबा म्हणाले. मनाने ते वाईट नव्हते.

दुसऱ्या दिवशी ढेरेसाहेब आले आणि झोक्यावर अलगद टेकले. कडाड्! फांदी, तुळसाबाईचं घर आणि ढेरेसाहेब असे सगळे एकदमच खाली आले. दोर मात्र शाबूत राहिला.

"पास!" नागोबा म्हणाले आणि त्यांनी गळ्यात अडकवलेला शिक्का मारला.

पंचमीला शेवंता आली. झोका शिक्क्यासकट जमिनीवर पडला होता. नवा बांधायचा तर नवी चाचणी आली. झाडाला दोनच फांद्या उरल्या होत्या आणि ढेरेसाहेब पुन्हा बसायला एका पायावर तयार होते. मायलेकी तोंड पाडून बसल्या.

नागोबांना त्या दिवशी सुट्टी होती. घरोघरी दूध-लाह्या हाणत ते तुळसाबाईच्या दारी आले. सणाचा दिवस म्हणून तिने राग गिळला आणि वाटीभर दूध पुढे ठेवलं. ते पिऊन नागोबा झाडाच्या उरलेल्या दोन फांद्यांवरच आडवे झाले. डोकं एका फांदीवर, शेपूट दुसरीवर आणि भरलेलं पोट मध्ये लोंबकळत. थोड्याच वेळात ते घोरू लागले.

शेवंताने आईकडे पाहिलं. आईने चारी बाजूंना पाहिलं. मग हळूच तिने मानेखालच्या भागाची एका फांदीला आणि शेपटीची दुसरीला गाठ मारली.

शेवंता बसली. झोका असा चढला म्हणता, काय सांगू!

नागोबा दचकून जागे झाले. "बेकायदा! शिक्का कुठंय?"

"तुमच्याच गळ्यात आहे की, साहेब," तुळसाबाई म्हणाली.

नागोबांनी मान वाकवून पाहिलं. होता खरा.

"उतरू का मी?" शेवंताने घाबरत विचारलं.

नागोबा विचारात पडले. इतकी वर्षं झोके तपासले, पण झोका कसा लागतो ते त्यांना आजच कळत होतं.

"दोन्ही हातांनी धर," ते म्हणाले. "आणि जरा जोरात."

तात्पर्य : मुलांनो, कायदा कधीही हातात घेऊ नये. तपासनिसाला पोटभर दूध पाजावं, दोन फांद्यांना पक्कं बांधावं आणि मग खुशाल वर बसावं.