समजलं

रुग्णांना समजावून सांगण्याचा खर्च निम्म्यावर आला, तर रुग्णालयाच्या हिशेबनिसाला आपल्या गावी बदली मिळणार होती. बदली म्हणजे बायको, आणि चार वर्षांची लेक, जी त्याला 'फोनमधले बाबा' म्हणे. तीन वर्षं खानावळीत जेवलेल्या माणसाला हा सौदा स्वस्तच वाटला.

त्याने खर्च थेट शून्यावर आणला. छापील पत्रकं बंद, समजावणाऱ्या बाईही बंद. मधुमेहाच्या वॉर्डातून घरी निघालेल्या रुग्णानेच नव्याला सुई कशी टोचायची, पाय कसे जपायचे ते शिकवायचं. 'याला समजलं' अशी सही केली की शिकवणाऱ्याला सुट्टी.

पहिली पाळी निवृत्त मास्तरांची. चार दिवस झाले, सही होईना.

"मास्तर, तो नवा समजलं म्हणतोय ना?" सिस्टरांनी विचारलं.

"समजलं म्हणणाऱ्याला काही समजलेलं नसतं. चाळीस वर्षं हेच पाहिलं. काय रे, पायाला फोड आला तर?"

"फोडायचा!"

"बघा. कच्चा आहे."

हळूहळू अख्खा वॉर्ड वर्गात येऊन बसू लागला आणि नापास होऊ लागला. कच्च्यांना सोडायला डॉक्टरीणबाई तयार होईनात.

"साहेब, एक खाट रिकामी नाही," सिस्टर म्हणाल्या. "पत्रकांचे वाचवलेत, ते मास्तरांच्या चहात गेले!"

हिशेबनीस मास्तरांच्या खाटेशी जाऊन बसला. "सही करा हो. माझं घर अडलंय."

"आणि माझं रिकामं आहे. ही गेल्यापासून शिकवू कोणाला? भिंतीला?"

हिशेबनिसाने खाटेजवळची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "रोज दहाला येत जा. खाट नाही, खुर्ची मिळेल."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. सही तिथल्या तिथे झाली.

त्यानंतर मास्तरांच्या हाताखालून गेलेला एकही रुग्ण चिघळलेला पाय घेऊन परत आला नाही. मोठे साहेब बेहद्द खूश. "अहो, अशी योजना चालवणाऱ्याला सोडतो का आम्ही? बदलीचं विसरा आता!"

त्याने घरी फोन लावला. सगळं ऐकून बायको म्हणाली, "समजलं."

"काय समजलं?"

तिने फोन लेकीच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही नापास झालात?"

वर्षअखेरीला त्याने ताळेबंद मांडला. मास्तरांना वर्ग मिळाला, रुग्णांचे पाय वाचले, रुग्णालयाचे पैसे वाचले. समजावण्याच्या खर्चापुढे त्याने नीट, गोल शून्य काढलं. त्या खर्चाचा भरणा फोनच्या पलीकडे बायको-लेकीने केला होता.